उलट्या वाटेनं येणारा उजेड: क्वांटम किल्लीच्या पेटीविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकातल्या ‘क्वांटम किल्ली’वरच्या टिपणानंतर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून बरीच पत्रं आली. टिपणाचं सार इतकंच होतं: दोन ठिकाणच्या पेट्या फायबरमधून एकेका फोटॉनाइतका मंद प्रकाश पाठवून एक गुप्त किल्ली तयार करतात आणि मग त्या किल्लीनं नेहमीच्या लाइनवरचा मजकूर कुलूपबंद होतो. याला क्वांटम की डिस्ट्रिब्युशन, थोडक्यात क्यूकेडी म्हणतात. निसर्गनियमच राखण करत असेल तर हल्ला कशावर होतो, असा बहुतेक पत्रांचा रोख आहे. म्हणून या वेळचं सदर त्यालाच दिलं आहे.

प्रश्न: फायबर जरा वाकवून त्यातला उजेड बाहेर काढता येतो असं ऐकलं. रस्त्याकडेचं चेंबर उघडून कुणी तशी क्लिप लावली तर क्यूकेडीला ते कळतं कसं? (एक वाचक, खानापूर)

साध्या लाइनवर क्लिप लावून १ टक्का उजेड काढला, तर घट पडते जेमतेम ०.०४ डेसिबल (डेसिबल हे घटीचं एकक; दर १० डेसिबलला उजेड दहावा भाग उरतो). एखाद्या बऱ्या स्प्लाइसची (फायबरची दोन टोकं वितळवून केलेल्या जोडाची) घटही तेवढीच असते, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. क्यूकेडीत मात्र चोरलेला फोटॉन पलीकडे पोचतच नाही, आणि किल्ली फक्त पोचलेल्या फोटॉनांचीच बनते. म्हणजे चोराच्या हाती लागलं ते किल्लीत नाहीच.

मग चोर दुसरा मार्ग धरतो. फोटॉन अडवायचा, मोजायचा आणि तसाच नवा पुढे पाठवायचा. बेनेट आणि ब्रासार यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक फोटॉन दोनपैकी एका ‘मापा’त पाठवलेला असतो. चोराला माप ठाऊक नसतं, म्हणून निम्म्या वेळा तो चुकतो आणि त्या चुकलेल्यांपैकी निम्मे फोटॉन पलीकडे उलटं उत्तर देतात. एकूण २५ टक्के चुका झाल्या. चांगल्या लाइनवर चुका १ ते ५ टक्क्यांत असतात आणि ११ टक्क्यांच्या आसपास गेल्या की किल्ली बनवणंच थांबतं.

तेव्हा लाइनीत शिरून फारसं काही हाती लागत नाही. म्हणून हल्लेखोर लाइन सोडतो आणि पेटीकडे वळतो. फायबरला एकेरी वाहतुकीची पाटी नसते. बाहेर जाणाऱ्या मंद उजेडाच्याच वाटेनं प्रखर उजेड आत सोडता येतो, आणि पुढची सगळी कथा त्या उलट्या उजेडाची आहे.

प्रश्न: उजेड आत सोडून पेटीचं नेमकं काय बिघडवता येतं? (निपाणीहून एक पदवीधर)

पाठवणाऱ्या पेटीबद्दल आधी सांगतो, कारण तिथं तीन वेगळे प्रकार आहेत आणि त्यांची सरमिसळ फार होते.

पहिला ट्रोजन हॉर्स. पेटीतला मॉड्युलेटर प्रत्येक पल्सला (उजेडाच्या क्षणिक झोताला) कोणतं माप द्यायचं ते ठरवतो. बाहेरून सोडलेला उजेड त्या मॉड्युलेटरमधून जातो, आतल्या एखाद्या जोडावर आपटून परततो आणि येताना मॉड्युलेटरची त्या क्षणाची स्थिती अंगावर घेऊन येतो. एकही फोटॉन न चोरता माप कळलं.

दुसरा लेझर-सीडिंग. बाहेरचा उजेड थेट लेझर डायोडपर्यंत पोचला, तर लेझर त्याच्या तालावर चालू लागतो. पल्सची तीव्रता वाढते किंवा प्रत्येक पल्सचा फेज (लहरीची सुरुवातीची अवस्था) आपोआप वेगळा असायला हवा तो तसा राहत नाही. सुरक्षिततेचं गणित ठरलेली तीव्रता आणि वेगवेगळा फेज या दोन्ही गोष्टी गृहीत धरूनच बसवलेलं असतं.

तिसरा लेझर-डॅमेज. यात माहिती काढायची नसते, भाग बिघडवायचा असतो. समजा शेवटी बसवलेला, उजेड मंद करणारा अ‍ॅटेन्युएटर काही वॉटच्या उजेडानं भाजला आणि त्याची घट कायमची १० डेसिबलनं कमी झाली. आधी पल्समागे सरासरी ०.५ फोटॉन जात होते, आता ५ जातात. ०.५ असताना एकाहून जास्त फोटॉन असलेले पल्स सुमारे ९ टक्के असतात. ५ झाल्यावर ९६ टक्के. जादाचा एक फोटॉन गुपचूप ठेवून घ्यायचा आणि बाकीचे जाऊ द्यायचे, एवढंच चोराचं काम उरतं. अशा जादा फोटॉनांच्या चोरीवर डिकॉय पल्सचा (मुद्दाम वेगळ्या तीव्रतेनं मधे पेरलेल्या पल्सचा) उपाय आहे खरा. पण तो उपाय पाठवलेली तीव्रता आपल्याला ठाऊक आहे असं धरून चालतो, आणि इथं तीच बदललेली असते.

प्रश्न: पेटीच्या तोंडाशी कोणते भाग, कोणत्या क्रमानं आणि किती डेसिबलचे लावावेत? आकड्यांत उत्तर हवं. (उद्यमबाग, बेळगाव येथील एक अभियंता)

आकड्यांतच घेऊ. गृहीत धरा की हल्लेखोर १० वॉट सोडू शकतो, तरंगलांबी १५५० नॅनोमीटर आहे आणि पेटी सेकंदाला १०० कोटी पल्स पाठवते. या तरंगलांबीवर १ वॉट म्हणजे सेकंदाला सुमारे ७.८ × १०^१८ फोटॉन. म्हणजे प्रत्येक पल्सच्या वाट्याला ७.८ × १०^१० फोटॉन आत येतात. परत बाहेर पडणारे फोटॉन पल्समागे दहा लाखांत एक यापेक्षा जास्त नकोत. भागाकार करा: आत जाऊन बाहेर येईपर्यंत सुमारे १६९ डेसिबल घट हवी. पल्सचा वेग दहापट कमी असेल तर १७९, कारण एकेका पल्सच्या वाट्याला दहापट फोटॉन येतात. पेटी संथ म्हणून सुरक्षित, असा समज असेल तर तो इथं उलटा पडतो.

आता जमा बाजू. आतल्या जोडांवरून परततो तो उजेड ४० डेसिबलनं कमी धरा. ३० डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर जाता-येता दोनदा लागतो, म्हणून ६०. झाले १००. आयसोलेटर मात्र एकाच दिशेनं अडवतो, त्यामुळे तो एकदाच मोजायचा. दुहेरी बनावटीचा साधारण ५० डेसिबल देतो. एकूण १५०, म्हणजे १९ कमी. दुसरा तसाच आयसोलेटर घातला की २००, आणि हाताशी ३१ डेसिबलची शिल्लक.

ही शिल्लक चैन नव्हे. आयसोलेटरमध्ये चुंबकाच्या आत एक गार्नेटचा स्फटिक असतो आणि तो प्रकाशाचं ध्रुवीकरण, म्हणजे लहरीच्या कंपनाची दिशा, बरोबर ४५ अंशांनी फिरवतो. स्फटिक तापला की हा कोन ढळतो. साध्या एकपदरी आयसोलेटरचं गणित पाहा: १ अंश ढळला तर अडवणूक ३५ डेसिबलवर येते, ५ अंशांना २१ आणि १० अंशांना १५. काही वॉटचा उजेड उलटा सोडला की स्फटिक तापतोच, आणि छापील ५० डेसिबल त्या वेळी छापील राहत नाहीत.

म्हणून सगळ्यात बाहेर एक जास्तीचा आयसोलेटर किंवा सर्क्युलेटर (उजेडाला एकाच दिशेनं पुढच्या तोंडाकडे वळवणारा भाग) लावायचा आणि तो हिशेबात धरायचाच नाही. त्याचं काम घरातल्या फ्यूजचं. एक तर त्यानं प्रखर उजेड सोसून आतल्या भागांना इजा होणार नाही इतका कमी करावा, नाहीतर स्वतः जळून लाइन कायमची बंद करावी. बाजारात मिळणारे साधे फायबर आयसोलेटर आणि सर्क्युलेटर हे काम करतात, असं सतत चालणाऱ्या प्रखर लेझरनं केलेल्या २०२२ च्या चाचण्यांत दिसलं आहे. ‘सतत चालणाऱ्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. तुटक, तीव्र पल्सची परीक्षा वेगळी घ्यावी लागते. आणि अ‍ॅटेन्युएटरला कधीही सगळ्यात बाहेर बसवू नका. तो भाजून ‘उघडा’ पडू शकतो, आणि फ्यूजच्या जागी तार गुंडाळल्यासारखं होतं.

क्रम बाहेरून आत असा: बळी जाणारा आयसोलेटर, मग ठरावीक तरंगलांबीच पुढे सोडणारा अरुंद पट्ट्याचा डीडब्ल्यूडीएम फिल्टर, मग येणाऱ्या उजेडातला १ टक्का फोटोडायोडकडे वळवणारा कपलर, त्यामागे हिशेबातले दोन आयसोलेटर, मग अ‍ॅटेन्युएटर, मॉड्युलेटर आणि शेवटी लेझर. फिल्टर लागतो कारण १५५० साठी बनवलेला आयसोलेटर १३१० ला किंवा दृश्य प्रकाशाला तसा अडवत नाही. फिरवण्याचा कोन तरंगलांबीवरही अवलंबून असतो. फोटोडायोड बळीच्या आयसोलेटरमागे ठेवायचा, कारण पहारेकरी डायोडच लेझरनं भाजून आंधळा करता येतो हेही प्रयोगात दाखवलेलं आहे.

लेझर-सीडिंगसाठी उलट वाटेची एकेरी घट पाहायची. १० वॉट म्हणजे ४० डीबीएम (१ मिलिवॉटच्या तुलनेत मोजलेले डेसिबल). दोन आयसोलेटरचे १००, अ‍ॅटेन्युएटरचे ३० आणि मॉड्युलेटरचे १० वजा केले, तर लेझरपाशी उणे १०० डीबीएम उरतात, म्हणजे एका पिकोवॉटचा दहावा भाग.

खर्चाची काळजी इथं करू नका. पाठवणाऱ्या पेटीत सरळ वाटेची घट फुकट असते, कारण उजेड तसाही कमीच करायचा असतो. आयसोलेटर अर्धा डेसिबल खात असेल तर अ‍ॅटेन्युएटर अर्ध्यानं कमी लावा. घेणाऱ्या पेटीत मात्र तोच अर्धा डेसिबल ११ टक्के फोटॉन खातो. तिथं हात आखडता हवा.

दोन बारीक गोष्टी. पेटीच्या आतले जोड कनेक्टरनं नव्हे, फ्यूजन स्प्लाइसनं करा. काच-हवा असा सपाट पृष्ठभाग उघडा राहिला तर ४ टक्के, म्हणजे उणे १४ डेसिबल उजेड परततो, आणि वर धरलेले ४० कोसळतात. दुसरं, आयसोलेटरजवळ मोठं चुंबक किंवा पंख्याची मोटर नको. त्याचं सगळं काम चुंबकीय क्षेत्रावर चालतं.

प्रश्न: बळी जाणारा भाग जळला आणि लाइन बंद पडली, तर नवा लावून लाइन चालू करायची का? (बेळगाव)

नाही. नेमकी हीच चूक होते. लाइन बंद पडली की वरून फोन सुरू होतात, आणि पिगटेल (कनेक्टर लावलेला फायबरचा तुकडा) बदलून मोकळं व्हायची सवय हाताला लागलेली असते. पण बाहेरचा भाग जळण्याआधी आत किती उजेड गेला हे आपल्याला ठाऊक नसतं. पेटी काढून आतल्या प्रत्येक भागाची घट आणि अडवणूक पुन्हा मोजायची, कारखान्यातून निघतानाच्या नोंदीशी ताडायची, आणि मगच जोडायची. जळालेला भाग टाकू नका. पिशवीत तारीख घालून ठेवा. दीड वॉटच्या आसपास किंवा वरच्या उजेडात घाण कनेक्टरपाशी ‘फायबर फ्यूज’ पेटू शकतो, म्हणजे गाभा जळत जळत उजेडाच्या उगमाकडे सरकतो. गाभ्यात ओळीनं बुडबुडे दिसले, तर उजेड कुठल्या बाजूनं येत होता याची ती खूण आहे.

प्रश्न: डिटेक्टर ‘आंधळा’ करण्याचा हल्ला सोप्या शब्दांत सांगाल का? चुका वाढत नाहीत हे पटत नाही. (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, बेळगाव)

न पटणं साहजिक आहे, कारण युक्ती खरंच देखणी आहे. घेणाऱ्या पेटीतला अ‍ॅव्हलांच डायोड एका फोटॉनानंही टिचकी देतो, पण त्याच्यावरचा व्होल्टेज एका मर्यादेच्या वर असेल तरच. बाहेरून सतत उजेड सोडला, काहीशे मायक्रोवॉट पुरतात, की डायोडमधून प्रवाह वाहतो, डायोडला व्होल्टेज पुरवणाऱ्या बायस सर्किटमधल्या रोधकावर व्होल्टेज पडतो आणि डायोड त्या मर्यादेखाली येतो. आता एकेक फोटॉन त्याला दिसत नाही. तो साधा उजेड-मापक होतो आणि ठरावीक उंचीच्या पल्सलाच टिचकी देतो.

हल्लेखोर मधे फोटॉन मोजतो आणि त्याच मापात एक प्रखर पल्स पुढे पाठवतो, उंबरठ्याच्या किंचित वर. घेणाऱ्यानं तेच माप निवडलं असेल तर सगळा उजेड एका डिटेक्टरवर जातो आणि टिचकी येते. दुसरं माप निवडलं असेल तर उजेड दोघांत निम्मा निम्मा वाटला जातो, दोन्ही उंबरठ्याखाली राहतात, टिचकीच नाही. जिथं चूक व्हायची तिथं गप्प बसणं होतं, म्हणून २५ टक्के चुका दिसतच नाहीत. टिचक्या निम्म्या होतात, पण लांब लाइनवर हजारात एकच फोटॉन पोचत असतो. तेवढी तूट हल्लेखोर सहज भरून काढतो. नॉर्वेतल्या ट्रोंडहाइमच्या गटानं २०१० मध्ये हे बाजारातल्या पेट्यांवर करून दाखवलं.

उपाय: डायोडचा सरासरी प्रवाह सतत मोजणं, बायसमधला रोधक उगाच मोठा न ठेवणं, आणि डिटेक्टरपुढची घट अधूनमधून अचानक बदलून टिचक्यांचं प्रमाण त्याच हिशेबात बदलतं का ते पाहणं. खऱ्या फोटॉनांच्या टिचक्या घटीच्या प्रमाणात कमी होतात. आंधळ्या डिटेक्टरच्या एकदम नाहीशा होतात. २०१२ मध्ये सुचवलेली एमडीआय पद्धत हा प्रश्न मुळातच काढून टाकते, कारण तीत डिटेक्टर मधल्या ठिकाणी असतात आणि त्यांच्यावर विश्वास ठेवावाच लागत नाही. मात्र तीत दोन्ही टोकांना पाठवणाऱ्या पेट्या येतात, म्हणजे वरच्या उत्तरातली तोंडाची राखण दुप्पट.

जाता जाता: टिचकी देताना डायोड स्वतःही थोडा उजेड लाइनीत परत फेकतो आणि कुठला डिटेक्टर वाजला ते त्यातून फुटू शकतं. तेवढ्यासाठी घेणाऱ्या पेटीतही एक आयसोलेटर आणि फिल्टर लागतो. तो ११ टक्क्यांचा भुर्दंड सोसायचा.

प्रश्न: कॉलेजच्या प्रयोगशाळेत आयसोलेटरची परीक्षा कशी घ्यावी? (एक प्राध्यापक, बेळगाव)

१ मिलिवॉटचा १५५० चा स्रोत आणि उणे ७० डीबीएमपर्यंत मोजणारा पॉवर मीटर असेल तर ६० डेसिबलपर्यंत नीट मोजता येतं. आधी स्रोत थेट मीटरला जोडून आकडा घ्या, मग आयसोलेटर बाणाच्या उलट दिशेनं मधे घाला. पॅडल कंट्रोलरनं ध्रुवीकरण फिरवत राहा आणि सर्वांत वाईट आकडा टिपा. सरासरी काढणं हा इथला नेहमीचा प्रमाद. हल्लेखोर सरासरी ध्रुवीकरण वापरत नाही. मग आयसोलेटर २५, ४० आणि ६० अंशांवर ठेवून तेच करा. दोन आयसोलेटर एकामागे एक जोडून १०० डेसिबल मोजायला हा मीटर पुरणार नाही. १०० मिलिवॉटचा प्रवर्धक आणि फोटॉन मोजणारा डिटेक्टर असेल तर १३० च्या पुढे जाता येतं.

वॉटच्या पातळीची परीक्षा विद्यार्थ्यांकडून करवू नका. १५५० चा उजेड डोळ्याला दिसत नाही, आणि जळणारा कनेक्टर काचेचे कण उडवतो.

प्रश्न: बेळगाव ते कोल्हापूर अशी लाइन एका झेपेत होईल? (संकेश्वर)

रस्त्यानं सुमारे ११० किलोमीटर. केबल वळणं घेत जाते आणि जागोजागी गुंडाळी ठेवलेली असते, म्हणून १२५ धरा. किलोमीटरला ०.२२ डेसिबल, अधिक पॅनेलचे दोनेक: जवळजवळ ३० डेसिबल. हजारात एक फोटॉन पोचेल. होईल, पण किल्ली सावकाश बनेल. फेब्रुवारी २०२२ मध्ये डीआरडीओ आणि आयआयटी दिल्ली यांनी प्रयागराज ते विंध्याचल अशी १०० किलोमीटरहून लांब लाइन साध्या व्यापारी फायबरवर चालवून दाखवली आहे. निपाणीला मधे टप्पा घेतला तर वेग वाढतो, पण त्या खोलीत किल्ली उघडी असते. शिवाय दोन पेट्यांच्या चार होतात, आणि राखायची तोंडंही.

प्रश्न: आमच्या पतसंस्थेनं हे घ्यावं का? (चिकोडी तालुका)

नको. तुमचा धोका सर्व्हरचे जुने पासवर्ड आणि फसवे फोन इथं आहे, चेंबरमधल्या फोटॉनात नाही. क्वांटम संगणकाचीच भीती असेल तर ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटीनं जाहीर केलेली नवी कूटलेखनाची मानकं सॉफ्टवेअर अद्ययावत करून मिळतात. नवी लाइन लागत नाही. मोठ्या संस्थेला घ्यायचंच असेल तर निविदेत आयएसओ-आयईसी २३८३७ या २०२३ च्या मानकानुसार झालेल्या चाचण्यांचा अहवाल मागावा, आणि उलट्या उजेडाचा डेसिबलचा हिशेब भागागणिक लेखी मागावा. जो विक्रेता ‘भौतिकशास्त्रानं सिद्ध’ एवढंच सांगतो, त्याला चहा पाजून परत पाठवा.

प्रश्न: मी स्प्लाइसिंगची कामं करतो. अशा लाइनवर ओटीडीआर (फायबरमध्ये पल्स सोडून फॉल्टची जागा शोधणारं यंत्र) मारला किंवा लाल पेन (फॉल्ट दाखवणारा लाल लेझर) लावला तर तो हल्ला ठरतो का? पावसात जांबोटी-कणकुंबीकडे फॉल्ट शोधायला दुसरा उपाय नसतो. (खानापूर तालुका)

पेटीच्या दृष्टीनं तुम्ही आणि हल्लेखोर सारखेच! ओटीडीआरचा पल्स दहा-शंभर मिलिवॉटच्या घरात असतो, आणि घेणारी पेटी एकेका फोटॉनासाठी डोळे ताणून बसलेली. धोक्याची घंटा वाजणार, आणि राखण कच्ची असेल तर डिटेक्टर जायचा. लाल पेन आणखी नको, कारण आयसोलेटर दृश्य प्रकाशासाठी बनवलेला नसतो आणि लिथियम नायोबेटच्या मॉड्युलेटरवर दृश्य प्रकाशाचा परिणाम रेंगाळतो. हिरव्या-निळ्याचा जास्त, लालचा कमी, पण होतो.

क्रम असा ठेवा. आधी दोन्ही टोकांना फोन करून पेट्या लाइनीवरून सोडवा. नुसत्या बंद करू नका, पॅचकॉर्ड काढा आणि पेटीच्या तोंडाला टोपी लावा. मग ओटीडीआर मारा. काम झाल्यावर कनेक्टर पुसून स्कोपखाली पाहा, हिरवा (तिरक्या टोकाचा) कनेक्टर हिरव्यालाच जोडा. हिरवा-निळा जोड झाला तर घटही वाढते आणि परतावाही. शेवटी दोन्ही टोकांची घट लिहून कळवा, कारण नव्या स्प्लाइसनं आकडा बदललेला असतो आणि न कळवलेला बदल पेटीला संशयास्पद वाटतो.

पावसाचं म्हणाल तर जॉइंट बॉक्समध्ये पाणी शिरलं की घट हळूहळू, दिवसांच्या हिशेबानं चढते. खांबावरच्या केबलला वारा लागला तर घट तीच राहते, पण ध्रुवीकरण भराभर फिरतं आणि पेटी ध्रुवीकरणावर चालणारी असेल तर चुका वाढतात. घट एकाएकी कमी झाली, म्हणजे लाइन अचानक ‘सुधारली’, तर मात्र कुणी काय बदललं ते शोधूनच पुढचं काम करा.